कोर्स संपला की छाती परत लाल: स्तन पुनर्रचनेनंतरची न भरणारी जखम

तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत येते. "सिस्टर, गोळ्या चालू होत्या तोवर सगळं छान होतं. कोर्स संपला आणि परत लाल झालं." मग जवळच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकचा तोच कोर्स पुन्हा, नाहीतर त्याहून 'स्ट्राँग' दुसरा. पुन्हा आराम, पुन्हा लाली. मी ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्यात घरी जाऊन ड्रेसिंग करते. त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनसोबत किंवा नंतर स्तनाची पुनर्रचना करून घेतलेल्या बायका बऱ्याच असतात. कुणाला सिलिकॉनचा इम्प्लांट, कुणाला आधी एक्सपांडर (कातडी हळूहळू ताणायची फुग्यासारखी पिशवी), कुणाला पाठीचा किंवा पोटाचा फ्लॅप (तिथून आणून बसवलेलं स्वतःचं मांस-कातडी). ऑपरेशन कुणाचं परळला टाटात, कुणाचं खारघरला टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेकमध्ये, कुणाचं इथेच खाजगीत. घरी आल्यानंतरचं हे चक्र मात्र सगळीकडे सारखं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. औषधाने अर्धवट बरी होऊन परत येणारी लाली 'अंगात ताकद नाही' म्हणून येत नाही. आत काहीतरी राहिलेलं असतं. साचलेलं पाणी, मेलेली कातडी, टाक्याचा दोरा, इम्प्लांटवर चिकटून बसलेले जंतू, किंवा असा जंतू ज्याला तुमचं औषध लागूच पडत नाही. कधीकधी तर तो जंतुसंसर्गच नसतो. म्हणून दुसऱ्यांदा लाली आली की सोनोग्राफी झाल्याशिवाय आणि आतल्या पाण्याचा नमुना कल्चरला (त्यात कुठला जंतू उगवतो ते बघायला) गेल्याशिवाय आणखी एक कोर्स गिळायला तयार होऊ नका. आणि हे ज्या टीमने ऑपरेशन केलं तिनेच बघायला हवं. आत काय ठेवलंय, कुठल्या थरात ठेवलंय, हे त्यांनाच ठाऊक असतं. (चालू असलेलं औषध हे वाचून मध्येच बंद करू नका, तेही सांगते.)

ज्याला थांबायचंच नाही ते आधी

ताप 100.4 फॅरेनहाइट, म्हणजे 38 सेल्सियस किंवा त्यावर गेला, हुडहुडी भरली, तर त्याच दिवशी दाखवायचं. केमो चालू असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत जायचं. डोस झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. त्या वेळी जखम बाहेरून फारशी वाईट दिसत नाही, कारण पू तयार करायलासुद्धा पेशी लागतात. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघितली तर ताप तेवढा झाकला जातो, आतला संसर्ग चालूच राहतो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू झपाट्याने फुगली, ताण असह्य झाला आणि ड्रेनमध्ये (आतलं पाणी ओढून डब्यात जमवणाऱ्या नळीत) लालभडक रक्त भरभर येऊ लागलं, तर तो आतला रक्तस्राव. पोटाचा फ्लॅप असेल आणि त्याची कातडी फिकट, गार पडली तर रक्त पोचत नाहीये. निळी-जांभळी, फुगीर झाली तर गेलेलं रक्त परत निघत नाहीये. दोन्हीत हिशोब तासांचा असतो. टाक्यांच्या फटीतून इम्प्लांटचा गुळगुळीत भाग दिसू लागला तर त्यावर ओलसर स्वच्छ गॉज ठेवून निघायचं. पावडर नाही, मलम नाही.

एवढं सोडलं तर बाकीच्याला विचार करायला थोडा वेळ असतो.

ती लाली आहे तरी कसली?

पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर संसर्ग लालचुटुक दिसत नाही. कातडी गडद, जांभळट होते, ताणून चकाकते, केसांची छिद्रं संत्र्याच्या सालीसारखी उठून दिसतात. त्यामुळे "लाल नाहीये ना, मग ठीक आहे" हे आपल्याकडे चालत नाही. हाताच्या मागच्या बाजूने गरमपणा बघायचा. आधी दुसरा स्तन किंवा खांदा, मग ऑपरेशनची बाजू. बाईने स्वतः "मला तिथे गरम लागत नाही" म्हटलं तर त्यावर जाऊ नका; ऑपरेशननंतर तिथली संवेदना गेलेली असते. ठणका नसणं हीसुद्धा खात्री नव्हे.

मग बॉलपेनने त्या भागाच्या कडेवरून रेघ ओढायची आणि शेजारी तारीख-वेळ लिहायची. रोज त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो. रेघेच्या बाहेर पसरत असेल तर त्याच दिवशी फोन करायचा. रेघेच्या आत विरत असेल तर औषध काम करतंय. सर्जनला फोनवर "जरा वाढल्यासारखं वाटतंय" म्हणण्यापेक्षा असे दोन फोटो पाठवले की उत्तर पटकन येतं.

आता आकार बघा. ऐरोलीला एका ताईंना दोन कोर्स होऊन गेले होते आणि तिसरा लिहून दिलेला होता. मी ड्रेसिंग काढलं तर लाली चक्क चौकोनी, कोपरे काटकोनात. जिथे चिकटपट्टी होती तिथे लाल, गॉजच्या खाली कातडी स्वच्छ. ती चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी होती. पट्टी बदलली, गॉज सर्जिकल ब्राच्या आधाराने ठेवलं, लाली ओसरली. जंतूंना काटकोन येत नाही.

स्तनाच्या खालच्या घडीत खाज, आजूबाजूला सुट्या बारीक पुळ्या, मधे ओलसर पांढुरकं, असं असेल तर बुरशी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडच्या दमटपणात हे घरोघरी. अँटिबायोटिक जितकं जास्त तितकी बुरशीची चंगळ, त्यामुळे इथे कोर्स वाढवला की उलट वाढतं. टाक्यांच्या रेषेवर एकच पुळी येते, फुटते, बसते, परत तिथेच येते, तर आत विरघळायचा राहिलेला टाका असतो. तो डॉक्टरांनी चिमट्याने काढला की विषय संपतो. ओढून बघायचा मोह आवरा, खाली इम्प्लांट आहे.

आणि शेक. हे मी हात जोडून सांगते. घरात दुखलं-खुपलं की गरम पाण्याची पिशवी बाहेर येते, सासू-आई प्रेमाने देतात. बधिर कातडीला चटका कळत नाही. पोटाचा फ्लॅप असो की इम्प्लांटवरची पातळ कातडी, तिथे भाजून फोड येतात, फोड फुटतो, जंतूंना दार उघडं मिळतं. पुनर्रचना केलेल्या स्तनावर गरम पिशवी नाही, बर्फही नाही. हे वर्ष-दोन वर्षांनीसुद्धा लागू आहे.

पाणी आणि ड्रेन

निम्म्या भानगडींचं मूळ इथे असतं. स्तन काढला की आत मोकळी जागा उरते, तिच्यात जखमेतून पाझरणारं पातळ पाणी साचतं. फ्लॅप पाठीचा असेल तर पाठीतच जास्त साचतं; बाई म्हणते, "कुशीवर वळले की आत काहीतरी डुचमळतं." नुसतं पाणी असेल तेव्हा ताप नसतो, कातडी गरम नसते. पण साचलेल्या पाण्यात जंतू शिरला की त्याला आयतं घर मिळतं, आणि रक्तवाहिन्या नसलेल्या त्या पाण्यात गोळीचं औषध पुरेसं पोचतच नाही. कोर्स चालू असताना आजूबाजूची लाली बसते, मधलं तळं तसंच राहतं, कोर्स थांबला की पुन्हा सुरुवात. इम्प्लांट असेल तर हे पाणी सोनोग्राफीत बघत बघतच काढायचं. अंदाजाने सुई घालणाऱ्याला नाही म्हणा.

म्हणून ड्रेनची वही ठेवा. रोज ठरलेल्या वेळी किती मिली आणि रंग कसा. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर हा नेहमीचा क्रम. पिवळ्यावरून पुन्हा गढूळ झालं, वास आला, तर कळवायचं. बहुतेक सर्जन सलग दोन दिवस चोवीस तासांत 30 मिलीपेक्षा कमी आलं की ड्रेन काढतात. इथे लोक फसतात ते असे: डबा फुगलेला आहे, म्हणजे ओढ संपलेली आहे, आणि आकडा कमी आला म्हणून घरात आनंदीआनंद. पाणी कमी झालेलं नसतं, आत अडकलेलं असतं. डबा दाबून, हवा काढून झाकण बंद केलं की तो चेपलेलाच राहिला पाहिजे. दहा मिनिटांत फुगत असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय. नळीत गाठ दिसली तर एका हाताने नळी कातडीपाशी घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती डब्याच्या दिशेने सरकवायची. डिस्चार्जच्या दिवशीच सिस्टरकडून शिकून घ्या. नळी गाऊनला पिनेने अडकवू नका, उठताना ओढली जाते. जुन्या ब्लाउजच्या कापडाची छोटी पिशवी शिवून परकराच्या नाडीला बांधली की डबा मांडीपाशी राहतो आणि लोकलमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाही.

ड्रेन जास्त दिवस ठेवणंही चांगलं नाही. नळीच्या कडेने जंतूंना बाहेरून आत यायला वाट मिळते. आकडा कमीच होत नसेल तर हात किती हलतोय ते बघा. व्यायाम सांगितलाय म्हणून पहिल्याच आठवड्यात खांद्याच्या वर हात नेऊन कपडे वाळत घालणाऱ्या ताई मला दर पावसाळ्यात भेटतात.

खरा संसर्ग आहे आणि तरी जात नाही

इथे तीन प्रश्न विचारायचे असतात, आणि ते तुम्ही स्वतः विचारावेत.

पहिला: नमुना कधी घेतला? अँटिबायोटिक सुरू होऊन काही दिवस झाल्यावर घेतलेलं कल्चर पुष्कळदा कोरं येतं. 'नो ग्रोथ' म्हणजे जंतू नाही असं नसतं. औषधाने दबलेला असू शकतो. नमुना जमल्यास औषधाआधी, आणि जखमेच्या वरवर फिरवलेल्या कापसाच्या काडीपेक्षा आतून काढलेलं पाणी किंवा तुकडा कधीही चांगला. वरच्या काडीवर कातडीवरचे रोजचे रहिवासी जंतू येतात आणि औषध त्यांच्यावर सुरू होतं.

दुसरा: इम्प्लांटवर थर बसलाय का? स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू सिलिकॉनवर चिकटून स्वतःभोवती चिकट आवरण करतात. त्या आवरणात औषध नीट शिरत नाही. बाहेर सुटलेले जंतू मरतात, म्हणून आराम वाटतो. चिकटलेले जिवंत राहतात, म्हणून परत येतं. अशा वेळी सर्जन सलाइनवाटे औषध देऊन, पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये आतली जागा धुऊन इम्प्लांट बदलून बघतात, नाहीतर काढून टाकतात. गोळ्यांची संख्या वाढवून तो थर जात नाही.

तिसरा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो: एएफबी कल्चर, म्हणजे टीबीसारख्या जंतूंसाठीचं वेगळं कल्चर, लावलंय का? टीबीच्या जंतूचे काही चुलत भाऊ मातीत, पाण्यात, टाकीत, नळात राहतात. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी, अ‍ॅब्सेसस. जखमेत शिरले की आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोकं वर काढतात. ताप बेताचाच किंवा नाही. टाक्यांपाशी छोटी गाठ, ती फुटून पातळ पाण्यासारखी लस, भरल्यासारखं वाटतं, शेजारी दुसरी गाठ. नेहमीचं कल्चर दोन-तीन दिवसांत कोरं म्हणून बंद होतं. या जंतूंना उगवायला आठवडाभर लागू शकतो, म्हणून प्रयोगशाळेला आधीच सांगावं लागतं.

याच्यापुढे आपल्याकडची खास गोची. तुकडा तपासायला गेला, रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमा' (टीबीत दिसते तशी पेशींची गाठ) आला, की टीबी समजून चार औषधांचा टीबीचा कोर्स सुरू. आपल्याकडे टीबी इतका आहे की तसं वाटणं साहजिक. पण हे जंतू नेहमीच्या टीबीच्या औषधांना बधत नाहीत. जीन एक्स्पर्ट या टीबीच्या तपासणीत टीबी सापडत नाही आणि एएफबी मात्र दिसतोय, असं असलं की या मंडळींचा संशय घ्यायचा. मग औषध कुठलं लागू पडतं ते त्या जंतूवर तपासून ठरतं, क्लॅरिथ्रोमायसिन, अ‍ॅमिकासिन यांसारखी दोन-तीन एकत्र, आणि महिनोन्‌महिने. इम्प्लांट बहुतेकदा काढावाच लागतो. इथे संसर्गरोगतज्ज्ञ गाठा. ठाण्या-नवी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत ते आता मिळतात.

पाण्यातून येतात म्हणूनच माझा आग्रह: उघड्या जखमेवर टाकीचं पाणी थेट नको. सोसायटीची टाकी कधी धुतली, टँकर कुठून आला, कुणाला माहीत असतं? जखम मेडिकलमधून आणलेल्या नॉर्मल सलाइनने धुवायची, आणि फोडलेली बाटली दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची. पंचवीस-तीस रुपयांची बाटली आठवडाभर पुरवण्यात काटकसर नाही.

घरात जे केलं जातं

हळद, सोफ्रामायसिन, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस, वर अँटिबायोटिकची पावडर. फेस आला की जखम 'साफ' झाली असं वाटतं, पण पेरॉक्साइड नव्याने येणारं मांसही जाळतं. भरत असलेल्या जखमेत रोज बीटाडीन ओतायचीही गरज नसते. पावडरची ढेकळं होतात, खाली लस साचते. हळदीने रंग बदलतो आणि लाली किती पसरली ते दिसेनासं होतं. माझी पेनची रेघसुद्धा पुसली जाते.

टाक्यांच्या कडेला काळी, कोरडी, चामड्यासारखी खपली धरली तर ती मेलेली कातडी. मूळ ऑपरेशनमध्ये कातडी पातळ राहिलेली असते, तिला रक्त कमी मिळतं. छोटी असेल तर खालून भरत येते आणि आपोआप सुटते. ओढून काढायची नाही. मऊ, ओली झाली, वास येऊ लागला तर ती डॉक्टरांनी कापून काढायची.

जेवणाच्या पथ्याबद्दल किती बोलू! "भात खाल्ला की पू होतो, आंबट नको, डाळ नको, अंडं गरम पडतं." शेवटी बाई ज्वारीची भाकरी आणि दुधीच्या भाजीवर. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, अंडी, मासे, चिकन, पनीर, दही जे खाता ते रोज दोन्ही वेळा खा. भाताने पू होत नाही. पण डायबिटीस असेल तर शुगर 180 च्या आत राहते का ते ग्लुकोमीटरवर बघायलाच हवं. ती 250 वर असताना जखमेकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

आणि मिश्री. "तंबाखू खाता का?" विचारलं की उत्तर ठाम 'नाही'. फडताळात डबी असते. भाजलेली तंबाखूच ती. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच पातळ असलेल्या कातडीचा रक्तपुरवठा आणखी घटतो. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधीपासून आणि जखम पूर्ण भरेपर्यंत बंद. मी हल्ली तंबाखूचं विचारतच नाही, "सकाळी दात कशाने घासता?" असं विचारते.

इम्प्लांट काढायची वेळ आली तर

बायका सगळ्यात जास्त इथे खचतात, आणि म्हणून उशीर करतात. उशीर केला की संसर्ग वाढतो, कातडी खराब होते, आणि मुख्य म्हणजे पुढची केमो किंवा रेडिएशन लांबतं. कॅन्सरचा उपचार वेळेवर होणं हे स्तनाच्या आकाराच्या आधी येतं, यात माझं तरी दुमत नाही. काढला म्हणजे कायमचं गेलं असं नसतं. सगळं शांत झाल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा विचार होतो. त्या भागावर रेडिएशन झालेलं असेल तर पुन्हा इम्प्लांट घालण्यापेक्षा पाठीच्या किंवा पोटाच्या स्वतःच्या मांसाचा पर्याय अनेक सर्जन सुचवतात, कारण रेडिएशन झालेली कातडी ताण सहन करत नाही.

तपासणीला लोकलने जाणार असाल तर कॅन्सरच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं; रुग्णालयाची कागदपत्रं जवळ ठेवा. ठाण्याहून खारघरला पनवेलची ट्रान्स-हार्बर गाडी थेट जाते. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रिक्षा करण्यापेक्षा ते छातीला बरं.

शेवटचं, ज्यांचं सगळं नीट झालंय त्यांच्यासाठी. वर्ष, पाच वर्षं, दहा वर्षं काही त्रास नव्हता आणि अचानक इम्प्लांटची बाजू पाण्याने फुगली, तर तिला 'जुना संसर्ग' म्हणून गोळ्या घेऊ नका. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) होतो, त्याचं पहिलं लक्षण बहुतेकदा हेच असतं. त्यामुळेच 2019 च्या जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने तिचे बायोसेल जातीचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले. काढलेलं पाणी पेशींच्या तपासणीला आणि सीडी-30 या, त्या लिम्फोमाची खूण शोधणाऱ्या चाचणीला पाठवायला सांगा. त्याच बाजूच्या कातडीवर न दुखणाऱ्या, न भरणाऱ्या बारीक गाठी आल्या तर बायोप्सी, कारण कॅन्सरही तिथे परत येऊ शकतो. तुमच्यात कुठला इम्प्लांट आहे हे त्यासोबतच्या कार्डावर असतं: कंपनी, आकार, अनुक्रमांक, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एक घरच्यांनाही पाठवा. कार्ड सापडत नसेल तर ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून ऑपरेशनच्या नोंदींची प्रत मागून घ्या. इम्प्लांटचा स्टिकर त्यात चिकटवलेला असतो.